डावा कोपरा

कडूबाकाका दवाखान्यात आले की दादांची तब्येत विचारत नसत. खाटेपाशी उभं राहून त्यांना वरपासून खालपर्यंत बघत आणि म्हणत, "अजून हायेस व्हय इथंच? मला वाटलं खाट मोकळी झाली आसंल. जरा पडावं म्हणून आलो व्हतो."

"तुह्या वजनानं मोडंल ती," दादा म्हणत. "लोकाचा माल हाय."

मग काका स्टूल ओढून दादांच्या उजव्या अंगाला बसत आणि त्यांचा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेत. बोलणं काहीही चालू असो, हात तसेच. त्यासाठी दादांनी सलाईनची सुई हट्टानं डाव्या हाताला लावून घेतली होती. नर्सला वाटलं, म्हाताऱ्याला जेवायला उजवा हात मोकळा हवा. मलाही तसंच वाटलं होतं.

दोघं पिशोरच्या कबड्डी संघातले. अकरा वर्षं शेजारी-शेजारी उभे राहिलेले. दादा, म्हणजे माझे वडील पुंजाराम, डाव्या कोपऱ्यात आणि त्यांच्या लगत कडूबाकाका. समोरचा गडी चढाईला आला की शेजारचे दोघं हातात हात धरून साखळी करतात. ही यांची साखळी. मी त्यांना खेळताना कधी पाहिलं नाही, पण 'अडुसष्टचा कप' मला लहानपणापासून पाठ होता, कारण काका घरी आले आणि तो विषय निघाला नाही असं झालेलं मला आठवत नाही.

अडुसष्ट साली जिल्ह्याचा अंतिम सामना औरंगाबादला आमखास मैदानावर झाला. पिशोर एका गुणानं पुढं, शेवटची चढाई आणि समोरून बिडकीनचा फकिरा. त्याला नुसता जाऊ द्यायचा होता. तो रिकाम्या हातानं परत गेला असता तर कप आमचा होता. दादांनी त्याचा घोटा धरला. फकिरानं दादांना ओढलं, दादांनी काकांचा हात सोडला नाही, म्हणून काकाही फकिराच्या अंगावर आले, आणि फकिरा दोघांना घेऊन मध्यरेषेवर पडला. दोन गुण गेले. कप बिडकीनला गेला.

"तिथल्या शाळेत हाय अजून," काका सांगत. "खडू ठेवत्यात त्याच्यात."

"घोटा घावला व्हता," दादा म्हणत.

"घावला व्हता म्हणं! आरं, मगर बी घावली आसती. धरायची का मग?"

फेब्रुवारीत डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. दोन महिने, फार तर तीन. एक औषध सलाईनमधून देऊन बघता येईल. त्यानं कदाचित थोडे दिवस वाढतील, कदाचित नाही. उलट्या मात्र नक्की होतील. मी 'द्या' म्हणाले. दादांना सांगितलं, कावीळ आहे, जुनाट आहे, सलाईन घ्यावी लागेल. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. हळू आवाजात, ठामपणे बोलायची सवय आहे मला. लोकांचा विश्वास बसतो.

काकांना व्हरांड्यात गाठून शपथ घातली. दादांना काही कळता कामा नये.

"मह्या तोंडातून एक शबुद निघायचा नाय," काका म्हणाले.

दादांचं रोज एकच विचारणं असे, पाडव्याच्या खेळाचं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पिशोरला जुने गडी आणि नवी पोरं यांचा सामना होतो. जुने दरवर्षी हरतात आणि दरवर्षी पंचांना शिव्या देतात.

"नेशील ना द्वारके?"

"बघू दादा."

त्याच आठवड्यात औषधाची दुसरी फेरी होती.

एका दुपारी माझ्यासमोरच दादांनी विचारलं, "कडू, खरं सांग. कावीळच हाय ना?"

मी मोसंबी सोलत होते. हात थांबला.

"नाय तर काय!" काका मोठ्यांदा म्हणाले. "तुला दुसरं काय व्हणार? दुसरं काही झेपलं तरी पायजे ना! पिवळा कसा झालाय बघ. गावात कुणाचं लगीन आसंल तर तुला नुसता मांडवात उभा करू. हळद लागायची नाय."

दादा हसले, काकाही हसले. हसताना काकांचा अंगठा दादांच्या हाताच्या पाठीवर सावकाश गोल फिरत होता. मला बरं वाटलं. उतारवयात माणसं हळवी होतात, असा काहीतरी विचार करून मी पुन्हा मोसंबी सोलायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी नर्सला सांगितलं, "आता सुई नको." मला म्हणाले, "पिशोरला ने. मग तिथंच ऱ्हाऊ दे."

काका समोरच्या टपरीवर चहा पीत होते. मी जाऊन त्यांच्यापुढे उभी राहिले.

"सांगितलंत तुम्ही."

"तू समोर बसली व्हतीस. बोललो का काही?"

"मग त्यांना कळलं कसं?"

काकांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि माझा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेतला. "कोपऱ्यातल्या गड्यानं समोरच्याच्या पायाकडंच बघायचं आसतं. मान वर केली की संपला. वरचं काय ते शेजारच्यानं बघायचं अन् त्याला सांगायचं. बोंबलून सांगितलं तर समोरच्याला बी कळतं. म्हणून हातानं." त्यांनी माझा हात एकदा दाबला. "हे थांब." दोनदा दाबला. "हे धर." मग अंगठा फिरवला. "अन् हे जाऊ दे."

मी हात काढून घेतला.

"तू शपथ तोंडाची घातली व्हती," काका म्हणाले. "त्यानं इचारलं तव्हा हात हातात व्हता. त्या हातानं म्या त्याला आजपस्तोर खोटं सांगितलेलं नाय, पोरी."

मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. म्हणाले, "अडुसष्टला हीच खूण केली होतीत का?"

"हीच! धा येळा फिरवला अंगठा. कातडं जायचं राहिलं त्याचं. ऐकतोय कुठं!" मग डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "तू सांजच्याला घरी जाताना त्याच्या हाताला काय करती?"

"काही नाही. जरा दाबते. येते म्हणून."

"करून दाखव."

मी त्यांचा हात धरला आणि रोजच्यासारखा दाबला. दोनदा.

काका हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, मग हसू ओसरलं.

निघताना दादा माझा पंजा असा आवळत की बांगडी रुतायची. कधी कधी नर्सला येऊन त्यांची बोटं सोडवावी लागत. मी त्याला माया समजत होते. मायाही असेल. पण मी रोज संध्याकाळी त्यांना 'धर' म्हणून सांगत होते आणि ते धरत होते.

"धर म्हटलं की लगेच ऐकतो," काका म्हणाले. "जलमभर तेवढंच ऐकलंय त्यानं."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मागं गादी टाकून मी दादांना पिशोरला नेलं. मैदानावर डाव्या कोपऱ्याच्या रेषेबाहेर त्यांची प्लॅस्टिकची खुर्ची, उजवीकडे काकांचं स्टूल. जुने गडी ठरल्याप्रमाणे हरत होते. दादा पंच बद्रीनाथ मास्तरांना शिव्या देत होते. आवाज पोचत नव्हता म्हणून काका त्या मोठ्यानं पोचवत होते.

मध्यंतराला बिडकीनहून फकिरा आले. काकांनीच निरोप धाडला होता. गुडघे गेलेले, हातात काठी, चष्म्याला जाड भिंगं. येऊन दादांसमोर उभे राहिले.

"काय पुंजाराम, वळखलं का?"

"तोंड नाय वळखलं," दादा म्हणाले. "पाय दाखव."

फकिरांनी धोतर जरा उचलून डावा पाय पुढे केला. काकांचा अंगठा फिरायला लागलेला मी पाहिला. आता मला वाचता येत होतं. दादा खुर्चीतून वाकले आणि त्यांनी घोटा धरला.

"आरं सोड, सोड! पडंन म्या!"

"आता काहून? दम हाय ना? म्हण कबड्डी!"

फकिरा दोनदा 'कबड्डी' म्हणाले, तिसऱ्यांदा दम तुटला. बद्रीनाथ मास्तरांनी शिट्टी वाजवून हात वर केला. फकिरा बाद, पिशोरला एक गुण.

"कप आणून देतो बाबा," फकिरा काठीवर तोल सावरत म्हणाले. "खडू काढून आणू का खडूसकट?"

सगळं मैदान हसलं. दादांनी घोटा सोडायला बराच वेळ लावला. काकांनी मान हलवत माझ्याकडे पाहिलं: बघ, हे असं!

दादांना मी परत शहरात आणलं नाही. पिशोरच्या घरी पुढच्या खोलीत खाट टाकली आणि रजा काढली. चौथ्या दिवशी दुपारी त्यांना फार दुखत होतं. गोळी देऊन झाली होती, पुढच्या गोळीला वेळ होता. मी उजवीकडे बसून त्यांचा हात घेतला. सवयीनं बोटं दाबायला निघाली होती, ती आवरली. आणि अंगठा फिरवला.

दादांनी डोळे उघडले.

"कुणी शिकवलं?"

"काकांनी."

"उलटा फिरवतीस," ते म्हणाले. मग माझा पंजा आवळला. बांगडी रुतली. "अन् त्याचं ऐकलं नाय, तर तुहं ऐकू व्हय?"

ते आणखी एकोणीस दिवस राहिले.

विसाव्या दिवशी दुपारी मी आत चहा टाकला होता. बाहेर काकांचं अडुसष्ट चालू होतं. "लई सोपं व्हतं पुंज्या. नुसतं उभं ऱ्हायचं व्हतं. दोघं उभे ऱ्हायलो आसतो अन् तो गेला आसता..." चहा उकळला, गाळला, तेव्हा आवाज थांबला होता.

मी कप घेऊन बाहेर आले. दादांची बोटं उघडी होती. काकांची नव्हती.

कप खाली ठेवले. लोकांना कळवायचं होतं, फोन करायचे होते, कामं बरीच होती. काकांच्या पलीकडे बसून मी त्यांचा मोकळा हात धरला आणि अंगठा फिरवला, या वेळी बरोबर दिशेनं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी माझा हात एकदा दाबला.

मी थांबले.