माझे तीन पुकारे

मावशीच्या आवाजाबद्दल तक्रार नाही असं माणूस तिच्या आयुष्यात क्वचितच आलं. लग्न होऊन घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, मीठ मागतेस की घर लुटतेस?" नवरा गरीब स्वभावाचा. तो नुसता हसायचा. पुढे तो अकाली गेला आणि त्याच्या जागी तिला कोर्टात पट्टेवालीची नोकरी मिळाली, तेव्हा कुठे त्या आवाजाचं चीज झालं.

सकाळी साहेबांचं टेबल पुसायचं, फायली क्रमाने लावायच्या, साक्षीदाराला पिंजऱ्यात नेऊन उभं करायचं, ही कामं तशी कुणीही केली असती. पुकारा मात्र तिचाच. ज्याची केस निघाली त्याचं नाव दारात उभं राहून तीनदा पुकारायचं. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कुणी आलं नाही, की साहेब कागदावर लिहिणार, 'तीनदा पुकारूनही गैरहजर'. मग त्या माणसाचं म्हणणं न ऐकताच निकाल. मावशीचा पुकारा जिने उतरून, अंगण ओलांडून फाटकापर्यंत जायचा. वकील तिला तोफ म्हणायचे. ती वरवर नाक मुरडायची, पण तिला ते आवडायचं.

मग नवे साहेब आले. वयाने मावशीच्या पोरासारखे, कामाला पक्के, पण आवाज म्हटला की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. दुपारी डोकं दाबून धरत आणि तसेच काम करत. आल्या आल्या त्यांनी गार हवेचं यंत्र बसवून घेतलं, आणि त्यापाठोपाठ माइक. आत कारकुनाने माइकवर हळू बोलायचं, बाहेर व्हरांड्यातल्या भोंग्यातून ते नाव निघायचं. निघायचं म्हणजे, कुणी तोंडात पाणी धरून बोलावं तसं. तो बसवून चार दिवस झाले नसतील, एक म्हातारा सुतार त्या भोंग्याच्या अगदी खाली बसला होता. केस निकालात निघून तासभर झाल्यावर त्याने मावशीला विचारलं, "बाई, आमचा नंबर कधी हो लागायचा?" मावशीला त्या दिवशी डबा गेला नाही.

तेव्हापासून माइक संपला की ती दारात जाऊन आपला पुकारा करायचीच. साहेब कपाळाला आठ्या घालत, पण बोलत नव्हते.

त्या सकाळी ती फायली घेऊन जिना चढत होती, तर एक तरुण बाई आडवी आली. मावशी तिला ओळखत होती. नवऱ्याने घराबाहेर काढलेली, शिवणकाम करून पोट भरणारी, पाच वर्षांची मुलगी परत मिळावी म्हणून अर्ज केलेली. मागच्या तारखेला तापाने फणफणली म्हणून आली नव्हती, तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, पुढच्या वेळी गैरहजर राहिली तर अर्ज निकाली. मुलगी बापाकडेच राहील.

"मावशी, मी खाली नळापाशी बसते," ती म्हणाली. "वर माझे दीर उभे आहेत. तोंडाला येईल ते बोलतात. तुम्ही हाक माराल ना?"

"वकील कुठाय तुझा?"

"सरकारी मिळालेत. ते दुसऱ्या कोर्टात अडकलेत. मी थांबेन, पण वर नको."

"नळापाशी बस नाहीतर फाटकाबाहेर बस," मावशी म्हणाली. "माझी हाक येईल."

हे बोलून ती वर आली, तर ऑफिसचे प्रमुख शिरस्तेदार वाटच बघत होते. गोल पोटाचे, चष्मा कायम कपाळावर.

"मावशी, साहेबांचा हुकूम आहे. आजपासून दारात ओरडणं बंद. फक्त माइक. तुम्ही दाराच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसायचं. दार लावून. गार हवा बाहेर जाते."

"आणि कुणाला ऐकू नाही गेलं तर?"

"भोंगा आहे ना."

"तो भोंगा आहे का? मला वाटलं कुणी गुळण्या करतंय."

शिरस्तेदारांनी हसू दाबलं. "थोडीच वर्षं राहिलीत तुमची. गुमान काढा. माझ्या डोक्याला ताप नको."

"बरं, एका बाईला खाली निरोप देऊन येते."

"साहेब बसायला निघालेत. जागा सोडायची नाही म्हटलंय त्यांनी. बसा."

मावशी बसली. दार लागलं. स्टूल आखूड, गुडघे पोटाशी आलेले. एकेक केस निघत होती, कारकून माइकपाशी तोंड नेऊन कुजबुजत होता. आत आलेल्या एक-दोन वकिलांना तिने हळूच म्हणून बघितलं, खाली नळापाशी एवढा निरोप द्याल का, पण ज्याला त्याला आपापली घाई.

आणि ती केस निघाली.

कारकुनाने नाव पुकारलं. दार बंदचं बंद. नवऱ्याचा वकील उठून उभा राहिला होता, काळा डगला, केस चापून बसवलेले. मागच्या बाकावर दोघे दीर. कारकुनाने दुसऱ्यांदा पुकारलं.

"अर्जदार पुन्हा गैरहजर आहे साहेब," वकील म्हणाला. "तिला मुलीची किती काळजी आहे ते दिसतंच आहे."

एक दीर खुदकन हसला.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "तिसऱ्यांदा पुकारा, म्हणजे संपेल हे."

कारकुनाने तिसऱ्यांदा पुकारलं. साहेबांचं पेन कागदावर टेकलं, आणि मावशी उठली. तिने दार उघडलं. सताड.

"मावशी," साहेब म्हणाले, "दार लावा."

"लावते साहेब. यंत्राचे तीन झाले. माझे तीन व्हायचेत."

तिने उंबऱ्यावर पाय रोवले, श्वास घेतला आणि पुकारलं. खिडक्यांची तावदानं झणझणली. वळचणीची कबुतरं उडाली. शेजारच्या कोर्टात उलटतपासणी चालली होती, ती थांबली.

"मावशी, खाली बसा. हा हुकूम आहे."

तिने दुसऱ्यांदा पुकारलं. दोघेही दीर उठून उभे राहिले होते. शिरस्तेदार हातवारे करत होते, बसा, बसा. मावशीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिसरा पुकारा तिने असा सोडला की नंतर तिला स्वतःलाच जरा भोवळ आली.

जिन्यावर चपला वाजल्या. ती बाई धापा टाकत आली. हात ओलेच होते, नळ चालू टाकूनच आली असावी. मावशीने बाजूला होऊन तिला आत घेतलं, दार लावलं आणि स्टुलावर जाऊन बसली.

साहेबांचा चेहरा लाल झाला होता.

"मी तुम्हाला मनाई केली होती."

"केली होती साहेब."

"तरी?"

मावशी उभी राहिली. "साहेब, तुम्ही लिहिणार होता, तीनदा पुकारूनही गैरहजर. या कोर्टात पुकारा करायचा पगार मी घेते. ते खोटं माझ्या नावावर गेलं असतं. मला शिक्षा करा, दुसरीकडे पाठवा, काय करायचं ते करा. पण मी पुकारलं असं लिहायचं असेल तर मी पुकारलेलं असलं पाहिजे."

"खुलासा द्यायचा. लेखी. उद्या सकाळी."

"देते."

मग साहेबांनी त्या बाईकडे बघितलं, अर्धवट लिहिलेली ओळ खोडली, आणि म्हणाले, "बोला." ती बोलली. अडखळत, पण सगळं बोलली. साहेबांनी मध्ये दोनदा डोकं दाबून धरलं, पण शेवटपर्यंत ऐकलं. नवऱ्याच्या वकिलाला म्हणाले, "उद्या मुलीला इथे घेऊन या. मला तिच्याशी बोलायचंय."

संध्याकाळी शिरस्तेदारांनी मावशीला गाठलं. "खुलासा म्हणजे माफी. दोन ओळी. चूक झाली, यापुढे आवाज करणार नाही. मी सांगतो तसं लिहा, बाकी मी सांभाळतो."

"चूक कुठली लिहू?"

"मावशी, अहो कुठली का असेना."

घरी सासूबाई खाटेवर बसलेल्या. आता त्यांचे कान पार गेले होते. नातू बोलायचा ते त्यांना कळायचं नाही, शेजारणी येऊन नुसते हात हलवून जायच्या. जगातलं एकच माणूस त्यांना ऐकू यायचं, आणि तेही यंत्राशिवाय.

मावशीने भाकरी थापता थापता सगळं सांगितलं. सासूबाईंनी मध्ये एकदाही 'हळू' म्हटलं नाही.

"मग? माफी मागणार तू?"

"शिरस्तेदार म्हणतात, मागा."

"मी जन्मभर तुझ्या मागे लागले, हळू बोल, हळू बोल. माझं ऐकलंस कधी?"

"नाही."

"मग त्या कालच्या पोराचं काय म्हणून ऐकणार? त्याचा मान माझ्यापेक्षा मोठा का?"

मावशी एवढी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

रात्री जेवणं उरकल्यावर तिने मुलाकडून कागद मागून घेतला. लिहायला फार लागलं नाही.

सकाळी तो कागद शिरस्तेदारांनी वाचला, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि पुन्हा वाचला. 'पुकारा केला. ऐकू जात नसेल तर पुन्हा करीन. आपली पट्टेवाली.'

"हा मी आत नेणार नाही," ते म्हणाले.

"मग मी नेते."

साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला. "तुमच्या नोकरीच्या पुस्तकात ताकीद लागेल," ते म्हणाले.

"लागू द्या."

"स्टूल आतच राहील."

"राहू द्या साहेब. मला उभं राहायची सवय आहे."

कोर्ट बसलं तेव्हा लोकांनी बघितलं, साहेबांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. मावशी दार उघडून उंबऱ्यावर उभी होती, आणि तिला बसा असं कुणी म्हणत नव्हतं.

व्हरांड्यात धाकट्या दिराच्या कडेवर ती मुलगी होती. तेल लावून घट्ट वेणी घातलेली, खाली मान घालून त्याच्या शर्टाचं बटण फिरवत होती. केस निघाली. भोंग्याने गुळण्या केल्या. मुलीने वरसुद्धा बघितलं नाही.

मावशीने घसा साफ केला. ती बाई आजही खालीच, नळापाशी बसली होती.

पहिल्या पुकाऱ्याला मुलीने बटण सोडलं. बापाच्या घरात हे नाव कुणी घेत नव्हतं. घेतलंच तर शिवी लागून. इथे ते भिंतींवरून, जिन्यांवरून, अख्ख्या कोर्टावरून घुमत गेलं, आणि माणसं वळून बघायला लागली.

"माझ्या आईचं नाव आहे ते," मुलगी काकाला म्हणाली.

"गप."

"माझ्या आईचंच आहे."

"गप म्हटलं ना."

मावशीने तिच्याकडे एकदा बघितलं, पाय रोवले आणि दुसरा पुकारा पहिल्यापेक्षा मोठ्याने केला. जिन्यावर चपला वाजायला लागल्या होत्या. तिसऱ्याची गरज नव्हती.

तिसराही केला.