डाव्या सीटसमोरचा नंदी

वकारने बॅटरीची काळी वायर सोडवली, तिच्या टोकाला फडकं गुंडाळलं आणि गाडीचे दरवाजे उघडे टाकून तो मागे सरकला.

"दहा मिनिटं कुणी आत बसायचं न्हाई," तो म्हणाला. "एअरबॅगच्या कामात घाई चालत न्हाई, शेठ."

संगमेशने घड्याळ पाहिलं. पुण्याला निघालेला जळकोटचा हा कापड दुकानदार लातुरात फक्त एका दिव्यासाठी थांबला होता. पुण्याच्या बहिणीने, मंजुश्रीने, फोनवर बजावलं होतं, की एअरबॅगचा दिवा लागलेला असताना अव्वाला हायवेवर आणायचं नाही. अव्वा म्हणजे त्यांची आई, कमलम्मा. गुडघ्यांमुळे तिला मागे बसता येत नसे, ती पुढे डाव्या सीटवरच बसायची. आत्ता ती दुकानाच्या सावलीत स्टुलावर बसून सगळं निरखत होती.

स्कॅनरने कोड दाखवला होता: पॅसेंजर एअरबॅग, शॉर्ट टू ग्राउंड. म्हणजे डाव्या बॅगेची वायर कुठेतरी धातूला टेकत होती. दहा मिनिटं झाल्यावर वकारने समोरचा कप्पा काढला, उताणा होऊन डोकं डॅशबोर्डखाली घातलं आणि टॉर्च वर धरला. वरून आलेल्या एका स्क्रूने पिवळी वायर लोखंडी पट्टीवर दाबून धरली होती आणि तिचं आवरण सोलवटलं होतं.

तो बाहेर आला आणि डॅशबोर्डकडे बघत राहिला. तिथे पितळी नंदी होता. मुठीएवढा, भरीव, दोन स्क्रूंनी आवळलेला. एक स्क्रू एअरबॅगच्या झाकणात, दुसरा झाकणाच्या कडेला.

"हे कुणी बसवलं?"

"अप्पांनी, आमच्या वडिलांनी. गाडी घेतली तवा, पूजेच्या दिवशी, स्वतःच्या हातानं." संगमेशने नंदीच्या पाठीवरून बोट फिरवलं. "वर्ष झालं त्यांना जाऊन. त्याला हात लावायचा न्हाई, वकारभाई. बाकी काय करायचं ते करा."

वकारला बोलायचं होतं. हा नंदी इथून हलवा, एवढंच. पण तेच वाक्य कुणाच्या तोंडून आलं यावर त्याचा अर्थ ठरतो, हे पंधरा वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाला शिकवावं लागत नाही. वकार मिस्त्रीने देव काढायला लावला, एवढीच बातमी जळकोटला पोचली असती, आणि आजकाल बातमी एकटी जात नाही, तिच्यासोबत व्हिडिओ जातो. त्याने वाक्य गिळलं. याला भित्रेपणा म्हणा, शहाणपणा म्हणा. त्यातला फरक त्यालाही सांगता आला नसता.

काम मात्र त्याने चोख केलं. वायरचा खराब तुकडा बदलला, तिला बाजूने वाट काढून दिली, स्क्रूच्या टोकावर रबरी टोपी चढवली. मग बॅटरी जोडली, कोड पुसला, चावी फिरवली. लाल दिवा लागला, चार-पाच सेकंद राहिला आणि विझला.

"झ्याक!" संगमेश खूश झाला. "चल अव्वा, बस."

कमलम्मा हाताने गुडघा उचलत सीटवर बसली. तिने पट्टा ओढला. तेव्हा वकारला दिसलं, नंदी बरोबर तिच्या तोंडासमोर होता, हात-दीड हातावर. मघापर्यंत बॅग मेलेली होती, म्हणून नंदी निरुपद्रवी होता. ती बॅग आता आपणच जिवंत केली.

"अम्मा, जरा उतरा."

"आता काय?" संगमेश वैतागला.

वकारने चावी काढून घेतली, बॅटरी पुन्हा सोडवली. पुन्हा दहा मिनिटं. मग तो डॅशबोर्डखाली शिरला, बाहेर आला, बॅटरी जोडून चावी फिरवली. दिवा लागला तो लागूनच राहिला.

"न्हाई झालं माझ्याकडून. कंपनीत दाखवा."

"आत्ता तर विझला होता! मग इतका वेळ काय करत बसलात तुम्ही? लोक उगंच तुमचं नाव घेतात."

वकारच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुरुस्त न होता गाडी त्याच्याकडून कधी परत गेली नव्हती. तो हत्यारं गोळा करू लागला.

"मिस्त्री," कमलम्मा म्हणाली. "तुम्ही खाली जाऊन काहीतरी उपटलंत. मी बघितलं. मघाशी जोडलेलं आता का काढलंत?"

वकारच्या हातातला पाना तसाच राहिला. म्हातारी नजर हटवेना.

"अम्मा," अखेर तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बॅग बंद हाय तवर भ्या न्हाई. ती चालू असताना गाडी धडकली, तर झाकण फाटून नंदी सरळ तुमच्या तोंडावर येतो. पापणी लवायच्या आत. ती चालू करून तुम्हाला इथं बसवायचं माझ्यानं होत न्हाई."

"मग हे आधीच का न्हाई बोललात?"

वकारने पाना फडक्याने पुसायला घेतला. कमलम्माने दुकानावरच्या नावाच्या पाटीकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

"काढा तो नंदी," ती म्हणाली.

"अव्वा!" संगमेश पुढे झाला. "अप्पांनी बसवलाय. स्वतःच्या हातानं."

"ठाव हाय. मी बाजूलाच उभी होते." तिचा आवाज चढला नाही. "तुझे अप्पा कायम स्टेअरिंगला बसले, संगमेश. ह्या सीटवर एकदाबी बसले न्हाईत. इथं मी बसते."

संगमेश दारातून बाजूला झाला.

वकारने बॅटरी पुन्हा सोडवली, दहा मिनिटं जाऊ दिली, मग साबणाने हात धुतले, पुसले आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. कमलम्माने नंदीखाली पदर पसरून धरला.

"जपून," ती म्हणाली. "पितळ जड हाय."