माझ्या नाकातली हळद

मी एका जुन्या मोटारीच्या बॉनेटखालचा काळा डबा बोलतोय. परदेशातून यंत्रांचं शिक्षण घेऊन आलेल्या प्रियदर्शनीला वाटलं होतं, मी आतून गंजलो असेन. तिच्या टाचणीला सापडली ती वाळलेली हळद.

माझं काम साधं आहे. चालकानं एक वेग ठरवून पाय उचलला की तो वेग मी सांभाळतो. त्याला क्रूझ कंट्रोल म्हणतात. इंजिन माझ्या पोटातली हवा ओढतं, पोट आत जातं, आणि त्याला बांधलेली ॲक्सिलरेटरची दोरी ताणून मी गाडीला पळवत ठेवतो. ब्रेकवर पाय पडला की माझी वीज तुटते, नाक, म्हणजे माझं हवेचं बारीक छिद्र, उघडतं, हवा आत शिरते आणि दोरी सुटते. धरणं कुणालाही जमतं. माझं खरं काम सोडण्याचं.

पहिला मालक पुण्याचा. तिथल्या गर्दीत त्याला माझी गरजच पडली नाही. मग प्रियदर्शनीच्या धाकट्या भावानं, अंगदनं, गाडी गावी, मांजरसुंब्याला आणली आणि माझा रुबाब वाढला. ढाब्यावर बॉनेट उघडून तो मित्रांना दाखवायचा, "बघ बे, ह्यो डबा गाडी हाणतो. आपण नुस्तं बसायचं."

त्याच्या आईनं, बायनाबाईंनी, ते मनात धरलं. खांडेनवमीला गाडीची पूजा झाली. चाकांना, दारांना त्यांनी एकेक बोट लावलं. मला मात्र ओल्या हळदीनं माखलं, वर कुंकू लावलं. "खरा मान ह्याचा हाय," म्हणाल्या. इतकं प्रेम मला कुणी दिलं नव्हतं. तीच हळद माझ्या नाकात उतरली आणि सुकली.

पुढच्याच आठवड्यात घाटाच्या तोंडाशी अंगदनं ब्रेक दाबला. मी सोडायला पाहिलं, सोडता येईना. ब्रेक मागं खेचत होता, मी पुढं. शेवटी त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं तेव्हा गाडी थांबली.

जेवताना त्यानं हे हसत सांगितलं. "गाडी लई जोमात आलती, थांबायलाच तयार न्हाई." गाव बदलायचं ठरवून त्याच आठवड्यात परदेशातून परतलेल्या प्रियदर्शनीचा घास हातातच राहिला. उद्या त्याच गाडीतून अंगद आईला घेऊन उमापूरला साखरपुड्याला निघणार होता.

दुपारीच तिनं मला सोडवून ओसरीवर आणलं. बॅटरीच्या तारा जोडल्या. जनावरांना औषध पाजायच्या मोठ्या सिरिंजला सलाईनची नळी लावून माझी हवा ओढली. दोरी ताणली. मग तिनं तारा काढल्या. दोरी सुटायला हवी होती. सुटली नाही.

तिनं टाचणीनं नाक कोरलं, वाळलेली हळद निघाली; फुंकलं, पुन्हा पाहिलं. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा अडकली.

"दोनदा सुटली ना? मंग बसव की," अंगद म्हणाला. "पाव्हण्यांना दाखवायचं कबूल केलंय मी."

"तिसऱ्यांदा आई गाडीत असली तर?"

"तू इमानातून आलीस ताई, आन् डब्याला कावून भितीस?" मग तो आईकडे वळून म्हणाला, "तुझ्या हळदीनं झालं म्हणती ही."

बायनाबाईंचा चेहरा उतरला. "म्या तर मान दिलता," एवढंच त्या म्हणाल्या. मला त्या क्षणी फुटून जावंसं वाटलं. प्रियदर्शनी त्यांच्याजवळ जाऊन बसली. गाव बदलायला निघालेल्या मुलीनं पहिल्याच आठवड्यात आईचा हात दोषी ठरवला होता, आणि दोष खरा होता.

सकाळी अंगद हॉर्न वाजवत होता. प्रियदर्शनी त्याच्या खिडकीशी गेली. "डबा बसवलेला नाही. बसवणारही नाही. पायानं चालव."

त्यानं हॉर्नवरचा हात काढला. बायनाबाई गाडीत बसण्याआधी, मला ठेवलं होतं त्या ओसरीतल्या फळीपाशी आल्या. पदरानं त्यांनी मला पुसलं आणि ते बारीक छिद्र बोटानं चाचपलं. हळदीचा हात मागं घेऊ नका, बायनाबाई. पुढच्या खांडेनवमीला मला हवी तेवढी लावा. आता माझ्या दोरीला कुणाचा जीव बांधलेला नाही.