लाल चिंधी

ताई संध्याकाळी कामावरून आली, तर स्वयंपाकघराच्या खिडकीवर वाफ धरलेली आणि ओट्यावर भरलेल्या बरण्या ओळीने मांडलेल्या. ती दारातच थबकली. भाऊ आपणहून कामाला लागला की घरात काहीतरी मोडतं, हा आजवरचा अनुभव.

भावाला आई ‘साहेब’ म्हणायची, कारण तो खुर्चीतूनच हुकूम सोडायचा. उन्हाळा सरता सरता परसातल्या टोमॅटोंनी उच्छाद मांडला होता. ताई एकटीच तोडत, उकळत, गाळत होती. साहेबांना काम सांगितलं होतं एकच, मागच्या दारातली सडक्या टोमॅटोंची बादली खड्ड्यात ओतायचं. त्यालाही रोज नवा मुहूर्त. दुर्गंधी आता पार माजघरात येत होती.

"घे, सगळं उरकलं!" साहेब पळी नाचवत म्हणाला. "भाऊ काडीची मदत करत नाही म्हणतेस ना? एकूण एक टोमॅटो उकळला. झाडंसुद्धा उपटली."

ताई मागच्या दाराशी धावली. वाफा बोडका पडला होता.

"लाल चिंधी बांधलेला टोमॅटो कुठाय?"

"तो तर सगळ्यात आधी तोडला. खूण केली होतीस ना?"

ताईने कपाळावर हात मारला. साहेब झाडं तोडणाऱ्या टोळीचा मुकादम. त्यांच्याकडे ज्या झाडाला लाल चिंधी, त्यावर पहिली कुऱ्हाड. आणि हिने चिंधी बांधली होती ती कुणी हात लावू नये म्हणून!

"बियाण्याला ठेवला होता रे तो! आईची जात होती ती. बाजारात मिळते का कुठे? उरलंसुरलं बी मी याच वर्षी पेरलं. संपलं आता सगळं!"

साहेबाचा चेहरा उतरला. "मग सांगायचंस ना."

"तुला सांगून काय होतं? बादली सांगितली, ती टाकलीस?"

हिवाळ्यात आई गेली तेव्हासुद्धा ताई एवढी रडली नव्हती. तिला त्याचा राग आला, चिंधीचा आला, स्वतःचा तर फारच आला. त्याच रागात तिने बादली उचलली, खड्ड्यापाशी नेली आणि नाक दाबून तिरकी केली. वरची सालं, बुरशी, आंबलेलं पाणी भसाभस गेलं. तळाशी काहीतरी पिवळसर बसलं होतं. तिने बोटाने ढवळून पाहिलं.

त्याच वाफ्यातल्या टोमॅटोंचं बी होतं. गर सुटलेलं, स्वच्छ, बोटाला खरखरीत लागणारं. आई अगदी असंच करायची. वाटीत पाणी घालून गर कुजू द्यायची, वास सुटला की बी तळाशी. इथे तर वाटीऐवजी अख्खी बादली कुजली होती.

"आण, मी टाकतो," मागून पडेल आवाजात साहेब म्हणाला.

"हात लावलास तर बघ!"

दोन्ही हातांनी बादली छातीशी धरून ती उभी राहिली. सांगितल्या दिवशी त्याने ही ओतली असती, तर आज हे ओंजळभर बी उरलं नसतं. म्हणजे आता त्याच्या आळसाचे उपकार मानायचे! तिचा नुसता जळफळाट झाला. आईने जन्मभर या लाडक्याला पाठीशी घातलं होतं, आणि गेल्यावरही तिने ते सोडलं नव्हतं.