कमरेपासून वरचा माणूस

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. आजवर शेकडो माणसांना मी मोठे केले आहे. कमरेपासून वर.

माझा जन्म एका बँक मॅनेजरसाठी झाला. काळेभोर भारी कापड, आत रेशमी अस्तर, थाट काही विचारू नका. पण साहेबांची प्रगती पोटाच्या दिशेने होत गेली आणि मी मागे पडलो. जुन्या कपड्यांच्या दुकानातून मला एका फोटोग्राफरने आणले. त्याच्या बायकोने माझी पाठ मधोमध उभी कापली आणि दोन्ही कडांना नाड्या लावल्या. मला वाटले, संपला आपला कारभार. पण खरे आयुष्य तिथूनच सुरू झाले. नाड्या सोडल्या की मी पहिलवानाला होई, आवळल्या की काटकुळ्याला. पाठ काही फोटोत येत नाही.

स्टुडिओ बंदरामागच्या गल्लीत होता. पोटासाठी परमुलखात आलेली माणसे तिथे येत. हमाल, वीटभट्टीवाले, हॉटेलात भांडी घासणारे. मी अंगावर चढलो की ताठ बसत आणि फोटो घरी धाडत. घरचे म्हणत, पोराने नाव काढले.

त्यांतलाच एक लांब्या. हे नाव त्याला लॉन्ड्रीतल्या सोबत्यांनी ठेवले होते. दिवसभर तो वाफेच्या इस्त्रीवर लोकांचे कोट दाबायचा, आणि आईला त्याने कळवले होते की आपण लॉन्ड्रीचे मॅनेजर आहोत. माझ्या बाह्या त्याला आखूड पडत, म्हणून फोटोग्राफरने त्याला हात पाठीमागे घ्यायला लावले. फोटो पोचला तशी आईची उलटटपाली विचारणा आली, "हाताला काय झालंय? लपवू नकोस." मग हात मांडीवर ठेवून दुसरा फोटो निघाला. वाफेने पोळलेली बोटे फोटोग्राफरने ब्रशने नीट केली.

पुढे युद्ध सुरू झाले. जो परका सैन्यात येईल त्याला नागरिक करून घेऊ, त्याच्या घरच्यांनाही इथे आणता येईल, असे सरकारने जाहीर केले. लांब्याला आईला आणायचे होते. तो भरती झाला.

निघण्याआधी तो वर्दीतच स्टुडिओत आला. बरोबर त्याच्या खोलीत राहणारा, लॉन्ड्रीत कपडे पिळणारा सोबती होता. त्याला अर्थातच बुटका म्हणत.

"वर्दीतच काढू या," फोटोग्राफर म्हणाला. "शोभतोयस. माझ्याकडून भेट."

"नको हो. आई हाय खाईल. कोटच द्या. आणि पाच-सहा काढा, वेगवेगळे."

"एकाच बैठकीत?"

"हा अधूनमधून एकेक पाठवेल. मी परत येईपर्यंत पुरायला हवेत."

बुटका म्हणाला, "मग जरा जाड होत जा की. मॅनेजर माणूस, पोट सुटायला नको?"

मी वर्दीवर चढलो. एका फोटोत भांग डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. एकात फोटोग्राफरच्या बायकोने कोळशाने मिशी काढली. शेवटच्यात तिने माझ्या आत टॉवेल कोंबला आणि म्हणाली, "आता कसा खात्यापित्या घरचा दिसतोस." लांब्या इतका हसला की तो फोटो पुन्हा काढावा लागला. माझ्या आत अनेक जण बसले. इतके हसलेले कोणी नाही.

तो पहिल्याच हिवाळ्यात गेला. एका पुलावर पहाऱ्याला होता, तोफेचा गोळा पडला. पुरायलाही काही हाती लागले नाही.

सैन्याने आईला कळवले. बुटक्याला कोण कळवणार? तो लांब्याचा कोण लागत होता? त्याने ठरल्याप्रमाणे टॉवेलवाला फोटो धाडला. आईच्या हाती आधी सैन्याचा कागद पडला आणि मागोमाग फोटो. तिने तो फोटोच सैन्याकडे पाठवला. सोबत कळवले, "तुमची चूक झाली आहे. माझा मुलगा शिपाई नाही, मॅनेजर आहे. मेल्यावर कोणाला पोट सुटतं का?"

सैन्याचा तर्क बिनतोड असतो. प्रेत सापडलेले नाही, माणूस जाड झालेला आहे, त्या अर्थी तो पळाला आहे. लांब्याचे नाव शहिदांतून पळपुट्यांत गेले आणि त्याला धरायला एक अधिकारी लॉन्ड्रीत हजर झाला. आपला सोबती मेला, हे बुटक्याला असे कळले. तो मेलेला नाही, या आरोपावरून.

बुटका त्या अधिकाऱ्याला थेट स्टुडिओत घेऊन आला. "साहेब, खोटारडा म्हणा त्याला. मलाही म्हणा. पळपुटा तेवढं म्हणू नका."

फोटोग्राफरच्या बायकोने मला खुंटीवरून काढले, उलटे केले, नाड्या दाखवल्या, टॉवेल कोंबून दाखवला. अधिकाऱ्याने मला स्वतःच्या अंगात घातले आणि आरशात पाहिले.

"असे किती जणांचे काढता?"

"येईल त्याचे," ती म्हणाली.

मित्रांनो, माझी साक्ष मानली गेली. लांब्याचे नाव परत शहिदांत आले, चौकातल्या दगडावर कोरले गेले. त्याला नागरिकत्वही मिळाले. अधिकाऱ्याने जाताना आपला एक फोटो काढून घेतला.

मग बुटक्याने आईला सगळे खरे कळवले. वर्दी, मिशी, टॉवेल, पूल. तिचे उत्तर घेऊन तो स्टुडिओत आला. त्याला ते एकट्याने वाचवत नव्हते.

"बाळा, तुझा काही दोष नाही. हे त्यानंच तुला लिहायला लावलं असणार. मोठा साहेब झाला, आता आई नको झाली. मी रागावले नाही म्हणावं. कोट छान दिसतो, एवढं सांग."

बुटक्याने पुन्हा लिहिले. मग उत्तर आले नाही.

आता फोटोग्राफर राहिला नाही. त्याची बायको कधी आठवण झाली तर मला ऊन दाखवते. मित्रांनो, लोकरी कपड्यांची निगा राखा. खिशात डांबराच्या गोळ्या ठेवा, कसर एकदा लागली की सुटत नाही. आणि दूर गेलेल्या माणसाचा फोटो आला, तर कोटाचे फार ऐकू नका.

परवा लांब्याच्या गावचा एक जण फोटो काढायला आला होता. तिने लांब्याचे नाव काढले. गावात त्याला सगळे ओळखतात, म्हणाला. आईला विसरलेला मुलगा म्हणून.