बोटभर खाली

हर्लुइन गवंड्याचा तोरा असा, की मठाधिपती विडोसुद्धा त्याच्याशी जपून बोलायचे. आणि तोरा का नसावा? मठाच्या चर्चचं लाकडी छत जळून खाक झालं, तेव्हा 'दगडाचं घालतो, जळायची भानगडच नको' म्हणणारा अख्ख्या बर्गंडीत हा एकटाच निघाला. नऊ वर्षं त्यात गेली.

आज बांधकाम चालू असताना कमानींना खालून तोलून धरणारा लाकडी साचा सोडवायचा होता. गवंड्यांच्या रिवाजाप्रमाणे हर्लुइन स्वतः छताखाली बरोबर मधोमध उभा राहिला. मठातल्या कामकरी बंधूंनी साच्याखालच्या पाचरी ठोकून काढल्या. वर करकर झाली, चुन्याची भुकटी झडली आणि सगळं छत बोटभर खाली आलं.

"पडतंय, पळा!" संन्यासी दाराबाहेर पळाले.

विडो दारातून ओरडले, "पाचरी परत ठोका! लाकडाचंच छत घालू. हर्लुइन, तू आपला गाशा गुंडाळ!"

"खबरदार पाचरीला हात लावाल तर!" हर्लुइन जागचा हलला नाही. "फादर, डोक्यावर ओझं घेतलं की माणूस आधी जरा वाकतो, मग चालतो. दगडांचंही तेच. आता ते एकमेकांत घट्ट बसलेत. खालून रेटाल तर सुटतील, आणि मग खरंच पडतील."

"आणि तुझं चुकलं तर?"

"तर वाद घालायला मी उरणार नाही. सुटाल एकदाचे!"

कोणी हसलं नाही. बंधूंनी पाचरी ठोकायला लाकडी मोगऱ्या उचलल्यासुद्धा. नऊ वर्षांची माती होणार, हे हर्लुइनला दिसत होतं.

तेवढ्यात दुपारची घंटा झाली. घंटा झाली की हातातलं काम तिथंच टाकून प्रार्थनेला जायचं, हा मठाचा नियम. बंधूंनी मोगऱ्या खाली ठेवल्या. म्हातारे गायक अमाल्बेर दारातून आत आले आणि छताखाली आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.

"अहो, थांबा! जीव नकोसा झालाय का?" विडो म्हणाले.

"घंटा झाली ना, फादर? प्रार्थनेपुढे दुसरं काही नाही, हे तुम्हीच रोज सांगता."

विडोंचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी एकदा वर पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि ते आपल्या जागेवर गेले. मग बाकीचेही ओशाळून आत आले.

स्तोत्र सुरू झालं. जुन्या छताखाली आवाज विरून जायचा. आज तो दगडांना भिडून भरभरून परत आला. वरून कणभरही भुकटी पडली नाही. हर्लुइनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि त्याने ते पुसलं नाही.

प्रार्थना संपल्यावर विडो त्याच्यापाशी आले. "जिंकलास बाबा. आता चल की जेवायला. किती वेळ उभा राहशील?"

"आलो असतो, फादर. पण मघापासून पायच उचलत नाहीयेत."

विडोंनी त्याला खांद्याचा आधार दिला.