डुलत्या खुर्च्या आणि थकलेलं बिल

मामाचा खुर्च्यांचा कारखाना आहे. गिऱ्हाइकं खुर्च्या लगेच नेतात आणि पैसे सावकाश पाठवतात. शनिवारी सहा कारागिरांचा थकलेला पगार द्यायचा होता, दोन लाख चाळीस हजार. खात्यात होते अकरा हजार. कारागीर काही बोलत नव्हते, फक्त मामाबरोबर चहाला थांबेनासे झाले होते. मामाला त्याचीच धास्ती होती.

म्हणून गुरुवारी आम्ही उधारीची बिलं विकत घेणाऱ्या ऑफिसात गेलो. कॉमर्सला मी एकदाच नापास झालो असल्यामुळे हिशेब माझ्याकडे होता.

साहेब भला माणूस. बोलताना जरा डावीकडे कलायचे, मग उजवीकडे.

"हॉस्पिटलचं चार लाखांचं बिल, पैसे तीन महिन्यांनी येणार," ते म्हणाले. "आम्ही आजच ऐंशी टक्के देतो. त्यावर व्याज महिन्याला फक्त दीड टक्का. शिवाय पूर्ण बिलावर दोन टक्के फी."

"कुणी 'फक्त' म्हटलं की मी खिसा चाचपतो," मामा म्हणाला. "भाचेबुवा, मांडा."

मी मांडलं. तीन लाख वीस हजारांवर तीन महिन्यांचं व्याज चौदा हजार चारशे. फी आठ हजार. एकूण बावीस हजार चारशे.

"मामा, हातात येणाऱ्या पैशांवर सात टक्के गेले, तेही तीन महिन्यांत. वर्षाचे अठ्ठावीस होतात."

"दीडचे अठ्ठावीस? लाकूडही ओलं झालं की फुगतं, पण इतकं नाही."

पण पगार तर द्यायचाच होता. मामाने दुसरं बिल पुढे केलं: चाळीस खुर्च्या, तीन लाख, सात महिने थकलेलं. साहेबांनी त्यावरचा गिऱ्हाइकाचा नोंदणी नंबर कॉम्प्युटरला दिला. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"हे नाही चालणार. ही पार्टी वेळेवर पैसे देत नाही. आपलेपणाने सांगतो, हिच्यापासून लांबच राहा."

"साहेब, ही पार्टी म्हणजे तुम्ही."

साहेबांनी बिलावरचं नाव वाचलं. मग भिंतीवरची पाटी वाचली.

"आमच्याकडे बिलाला वरच्या तिघांच्या सह्या लागतात," ते हळूच म्हणाले आणि डावीकडे कलले.

मामाने वाकून टेबलाखाली पाहिलं. खुर्चीच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती.

"कधीपासून डुलताय?"

"दोन महिने झाले. सगळेच डुलतो. आम्हाला वाटलं, फॅशन असेल."

"लाकूड सुकतं, स्क्रू सैल होतात. सहा महिन्यांनी मी येऊन आवळून देतो, फुकट. पण पैसे आल्यावर. बिलाच्या मागे लिहिलंय."

साहेबांनी बिल उलटलं. खरंच लिहिलं होतं.

"म्हणजे वरचे तिघंही..."

"ते जास्त डुलत असतील. त्यांच्या खुर्च्या उंच आहेत."

साहेब बिल घेऊन स्वतः वर गेले. पाऊण तासात तिन्ही सह्या झाल्या. तिसरी जरा तिरकी होती. संध्याकाळी तीन लाख खात्यात आले, तशी मामाने पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. पहिली खुर्ची साहेबांची. ते ताठ बसले आणि सवयीने डावीकडे कलायला गेले, पण खुर्ची हलली नाही.

शनिवारी पगार झाला. सहाही जण चहाला थांबले. हॉस्पिटलचं बिल आम्ही विकलं नाही.

पैसे उभे करायला आलेला खर्च मी वहीत लिहून ठेवलाय: एकशे साठ पाय आणि मामाची कंबर.